उणे शून्य

आय.एस. ४५६ ही आपली काँक्रीटची संहिता. ती कोणी आवडीने वाचायला घेत नाही. तिचा १६ क्रमांकाचा तक्ता मला मात्र फार आवडतो, आणि तो वाचायला पोशीरसारखी दुसरी जागा नाही. नेरळहून कळंबकडे जाताना जुन्या स्लॅबच्या घरांचे छज्जे बघत जा. खालचे पोपडे गेलेले, सळई उघडी पडलेली आणि तिच्यावर तांबडे पापुद्रे.

तक्ता पाचच ओळींचा. सळईवर काँक्रीटचं किमान किती कव्हर हवं? सौम्य हवेत २० मिलिमीटर, मध्यम असेल तर ३०, तीव्र ४५, अतितीव्र ५०, आणि टोकाची असेल तर ७५. मधली ३० वरून ४५ ची उडी बघा. समुद्र लांब आहे म्हणून पोशीरकर स्वतःला वरच्या दोन ओळींत धरतो. पण मुसळधार पाऊस आणि आलटून पालटून भिजणं-वाळणं संहिता थेट तिसऱ्या ओळीत टाकते. म्हणजे उघड्या छज्ज्याला ४५, आणि काँक्रीट एम-३० प्रतीचं, पाणी सिमेंटच्या ०.४५ पटीपेक्षा जास्त नाही. १९७८च्या आवृत्तीत स्लॅबला १५ मिलिमीटरही चालत असे. त्या काळच्या छज्ज्यांचं आज काय झालंय, ते वर सांगितलंच.

काँक्रीटच्या क्षारतेत सळई सुरक्षित असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड ती क्षारता बाहेरून आत मारत येतो, पण खोल जाताना मंदावतो. कव्हर दुप्पट केलं की त्याला सळईपर्यंत पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. काँक्रीट तेच धरलं तर २० ऐवजी ४५ म्हणजे जवळजवळ पाचपट. एवढं आयुष्य इतक्या स्वस्तात दुसरं काहीच देत नाही.

पण खरी बहार आहे ती या मापात किती चूक चालेल, त्या कलमात: अधिक १०, उणे शून्य. जास्तीला थोडी मुभा, कमीला अजिबात नाही. जास्तीलाही हद्द का? छज्ज्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. घमेली घेऊन माणसं तिच्यावरून चालली की ती दबते, वरचं कव्हर वाढतं आणि छज्जा कमकुवत होतो. स्लॅबच्या पोटाला उलट: कव्हर राखणाऱ्या ठोकळ्याऐवजी खडीचा तुकडा सरकवला, तो निसटला, सळई फळीला टेकली. साइटवरचे हे दोन्ही गुन्हे त्या चार शब्दांत पकडले आहेत.

उणीवही आहे. ४५ मिलिमीटर किती वर्षांसाठी, हे तक्ता सांगत नाही. शिवाय चार इंची छज्ज्यात एवढं कव्हर मावत नाही, जाडी वाढवावीच लागते. मग सिमेंट जास्त जातं, आणि जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. तरी तीस वर्षांत पाडून पुन्हा बांधण्यापेक्षा ते परवडतं. राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट हा भार हलका करतं, पण त्याला पाणी किमान दहा दिवस मारावं लागतं. आपल्याकडे गोणपाट चौथ्या दिवशीच वाळलेलं असतं.

यंदा स्लॅब टाकणार असाल तर काँक्रीट ओतण्याआधी सेंट्रिंगवर चढा, टेप लावा, आणि कव्हर कमी भरलं तर काम थांबवा.