निकाल फॉरवर्ड होत नाही

मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं आणि मी जळगावच्या होस्टेलवरून धुळ्याला, देवपुरातल्या घरी आलो. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, परीक्षा कधी ते कुणालाच ठाऊक नाही, दिवसभर हातात फोन. एप्रिलच्या सुरुवातीला मी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. फळांना थुंकी लावणारा एक माणूस, आणि वर माझे दोन शब्द: ‘सावध राहा’. व्हिडिओ कुठला, कधीचा, काही बघितलं नाही. दोनेक दिवसांनी, आठ वर्षं आमच्याकडे लोटगाडीवर भाजी आणणाऱ्या भाऊंना कोपऱ्यावर कुणीतरी नाव विचारलं, मग आधार कार्ड मागितलं. त्यानंतर ते आमच्या गल्लीत आले नाहीत. “भाऊ येत नाहीत का रे आता?” आईने मलाच विचारलं. मी म्हटलं, लॉकडाउन आहे ना.

हे सगळं पुन्हा आठवलं ते एका निकालपत्रामुळे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी दिलेला हा निकाल. धुळे-जळगावचे खटलेही याच खंडपीठाकडे जातात. ‘खंडपीठात गेलंय’ म्हणजे कन्नडचा घाट चढून तारखेला जाणं, हे आमच्याकडे घराघरात माहीत असतं. पण तिथले निकाल कुणी वाचत नाही. मीही बातमीचा मथळाच वाचला होता.

प्रकरण थोडक्यात असं. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमधल्या कार्यक्रमावरून देशभर गदारोळ झाला. २ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने ९६० परदेशी नागरिकांचे पर्यटक व्हिसा रद्द करून त्यांना काळ्या यादीत टाकलं. त्याविरुद्ध काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. इकडे अहमदनगर जिल्ह्यात आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबुती, बेनिन, इंडोनेशिया अशा देशांतून आलेल्या २९ जणांवर गुन्हे दाखल झाले. व्हिसाच्या अटी मोडल्या, धर्मप्रचार केला, साथ पसरवली, असे आरोप. त्यांना आसरा देणाऱ्या इथल्या लोकांवरही गुन्हे. खंडपीठाने ते सगळे रद्द केले.

तेव्हा बातम्यांत गाजली ती न्या. टी. व्ही. नलावडे यांची टिप्पणी, की संकटाच्या काळात सरकार बळीचा बकरा शोधतं आणि इथे तो या परदेशी लोकांमध्ये शोधला गेल्याची शक्यता दिसते. वाक्य जोरदार आहे. पहिल्या वाचनात मीही तिथेच थांबलो, स्क्रीनशॉट काढला.

दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी व्हिसाच्या भागात अडकलो. तो भाग रुक्ष आहे. आमच्या कामात प्रॉडक्शनवर काही फुटलं की सीनियर पहिलं वाक्य म्हणतो, “अंदाज नको, लॉग दाखव.” निकालाचा हा भाग तसाच चालतो. व्हिसा कोणता? त्याच्या नियमावलीत नेमकं काय लिहिलंय? धार्मिक स्थळांना भेट द्यायला, प्रवचन ऐकायला तिथे बंदी नाही. कुणाचं धर्मांतर केल्याचा आरोप आहे का? नाही. त्यांच्यामुळे संसर्ग पसरल्याचा पुरावा? तोही नाही. लॉकडाउनमध्ये हॉटेल-लॉज बंद होते, म्हणून मशिदीत राहिलो, असं याचिकाकर्त्यांचं म्हणणं. एकेक आरोप उचलायचा, कागदाशी ताडायचा, खाली ठेवायचा.

माझ्या मते निकालाचं बळ इथे आहे. आपली राज्यघटना समानतेचा, जीविताचा आणि धर्मस्वातंत्र्याचा हक्क देताना ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणते. संचाराचं स्वातंत्र्य नागरिकांपुरतं आहे, अनुच्छेद २१ सगळ्यांसाठी. पाहुण्याला व्हिसा द्यायचा की नाही हे सरकार ठरवतं, पण दिल्यावर त्याच्यावर कारवाई करायची तर कारण दाखवावं लागतं. हे तत्त्व पुस्तकात वाचलं तर जांभई येते. त्या रुक्ष परिच्छेदांत ते काम करताना दिसतं.

उलट, निकाल जिथे आवाज चढवतो तिथे माझी शंका सुरू होते. नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनांनंतर या कारवाईने मुस्लिमांच्या मनात भीती निर्माण झाली, असंही न्या. नलावडे लिहितात. सोबतचे न्या. एम. जी. सेवलीकर यांनी गुन्हे रद्द करायला सहमती दिली, पण काही निरीक्षणांशी असहमती नोंदवली. मला आधी ते कचखाऊपणाचं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. व्हिसाच्या भागात प्रत्येक विधानाखाली कागद आहे. हेतूबद्दल बोलताना ते कागद विरळ होतात. आधीच पटलेल्याला हा भाग आवडेल. बावीस वर्षांच्या मला तो ‘बघा, कोर्टही राजकारण करतं’ म्हणायला पुरला असता. नियमावलीच्या परिच्छेदाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरी तो भाग नसावा, असंही म्हणवत नाही. ही कलमं लागू होतात का, याचं उत्तर कागदात मिळतं. इतक्या लोकांवर, इतक्या घाईने ती लावावीशी का वाटली, याचं मिळत नाही. माझ्या व्हिडिओमागेही कुठला कागद नव्हता. होती ती हवा. न्या. नलावडे त्या हवेबद्दल, माध्यमांनी चालवलेल्या प्रचाराबद्दल बोलतात, तेव्हा ते माझ्याबद्दलही बोलत असतात. न्यायालयाच्या मोजपट्टीत न मावणारी गोष्ट ते मोजू पाहतात. मोजमाप कच्चं राहतं, पण वस्तू खरी आहे.

पुढे डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने ३६ परदेशी नागरिकांना निर्दोष सोडलं. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ७० भारतीयांवरचे खटले रद्द केले. पाच वर्षांनी. या बातम्या आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आल्या नाहीत. निकाल इंग्रजीत, लांबलचक, त्याला पार्श्वसंगीत नाही.

गेल्या महिन्यात मी व्हिसाच्या त्या भागाचं मराठीत दहा ओळींत सार लिहिलं आणि त्याच ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, ‘२०२० मध्ये तो थुंकीचा व्हिडिओ मीच टाकला होता. न बघता टाकला होता.’ बराच वेळ काहीच आलं नाही. मग एक अंगठा, आणि सकाळी नेहमीचं फुलांचं सुप्रभात.

संध्याकाळी आईचा फोन आला. तिने वाचलं होतं. म्हणाली, “भाऊ आता पाचकंदीलला बसतात. मी तिथूनच आणते भाजी, कधीपासून.” मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, “तू विचारलं कुठे?”