यमुनापर्यटन

यमुनापर्यटन : बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांची, मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी म्हणून सामान्यतः मान्यता पावलेली कृती (१८५७). हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण हा तिचा उद्देश उपशीर्षकातच नमूद केलेला आहे. विधवाविवाहास कायद्याची मान्यता १८५६ मध्ये मिळाली व पुढच्याच वर्षी ही कादंबरी प्रसिद्ध झाली. बेळगाव येथे जन्मलेल्या पदमनजींनी १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती. त्यामुळे सुधारणेची तळमळ व नवदीक्षिताचा उत्साह या दोन्ही प्रेरणा तिच्यात एकवटल्या आहेत.

या कादंबरीमागे मिशनरी गद्याची परंपरा होती. जॉन बन्यनच्या रूपककथेचे हरि केशवजींनी केलेले यात्रिकक्रमण  हे भाषांतर १८४१ मध्ये निघाले, तर ज्ञानोदय  हे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे सुरू झाले. नाशिक, जुन्नर यांसारख्या गावीही मिशनची ठाणी उभी राहिली होती. या गद्यातून साक्षर होऊ लागलेला एक लहानसा वाचकवर्ग तयार झाला. प्रवासातून धर्मबोध हा बन्यनचा आराखडा पदमनजींच्या कथेतही जाणवतो. मात्र त्यांचा प्रवास रूपकातला नसून महाराष्ट्रातल्या गावांतला व घरांतला आहे.

मिशनच्या शाळेत शिकलेली यमुना व तिचा पती विनायक यांचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे आहे. पण तो उघड करण्याचे धैर्य त्यांना होत नाही. पर्यटनात त्यांना ठिकठिकाणी विधवा भेटतात, त्यांच्या कहाण्या ऐकू येतात. पुढे विनायकाचा मृत्यू होतो व इतरांचे दुःख पाहणारी यमुना स्वतःच त्या दुःखाची वाटेकरी होते. अखेरीस ती ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते.

रचनेच्या दृष्टीने कादंबरी सैल आहे. एकामागून एक येणाऱ्या कहाण्या हे तिचे मुख्य अंग असून संवादांना वारंवार प्रवचनाचे रूप येते. केवळ प्रचारपुस्तिका म्हणून तिची बोळवण करणे मात्र न्याय्य ठरणार नाही. पतिपत्नींनी एकत्र वाचावे, एकत्र प्रवास करावा व श्रद्धेविषयी बरोबरीने बोलावे, हे चित्र त्या काळच्या मराठी गद्यात नवे होते. या सहजीवनामुळेच यमुनेचे वैधव्य वाचकाला उदाहरण न वाटता हानी वाटते. विधवांच्या कहाण्यांमधील घरगुती तपशीलही लेखकाच्या सिद्धांतापेक्षा अधिक बोलका आहे.

कादंबरीचा खरा पेच तिच्या शेवटात आहे. धर्मांतर व पुनर्विवाह एकाच वाटेवर आणल्यामुळे श्रद्धेचे फळ म्हणून सुख मिळते, असा अर्थ निघतो. यातून दोन्ही बाजूंचे नुकसान होते : श्रद्धा सुटकेचे साधन ठरते आणि धर्म न बदलणाऱ्या विधवांचा प्रश्न तसाच राहतो. ख्रिस्ती वाचकाला जो शेवट आश्वासक वाटावा, तोच इतरांना पुस्तकापासून दूर नेणारा ठरतो. धर्मप्रेरित प्रेमकथेपुढे ही अडचण सर्वत्रच उभी राहते. कारण तिचा शेवट पात्रांच्या स्वभावाआधी लेखकाच्या श्रद्धेने ठरलेला असतो.

या संदर्भात हरि नारायण आपटे यांच्या पण लक्षांत कोण घेतो  या कादंबरीशी तुलना उद्‌बोधक ठरते. १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीच्या नायिकेचे नावही यमुनाच असून तिलाही वैधव्य येते. तिला मात्र सुटकेची वाट मिळत नाही. आपट्यांचे निवेदन कलादृष्ट्या कितीतरी प्रगल्भ आहे. त्यांनी उत्तर न देता प्रश्नच वाचकाच्या पदरात टाकला. पदमनजींनी उत्तर दिले, ते बहुसंख्यांना मान्य होण्याजोगे नव्हते. तथापि विधवेला पुढचे आयुष्य असू शकते, ही कल्पना त्यांनी तीन दशके आधी कथारूपाने मांडली होती. १८८३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा विधवांच्या आश्रयाचा व शिक्षणाचा प्रश्न संस्थेच्या रूपाने पुढे आला आणि त्याभोवतीही धर्मांतराचा वाद पेटला. यमुनापर्यटनात  गुंफलेले हे दोन प्रश्न समाजालाही सहज वेगळे करता आले नाहीत, हेच यावरून दिसते.

कलाकृती म्हणून मर्यादित, परंतु स्त्रीच्या दुःखाला मराठी कादंबरीचा विषय करणारी आरंभीची कृती म्हणून तिचे महत्त्व टिकून आहे.