म्हातारीचं अंग, वाघाची भूक

भोपळ्यात बसून जंगल पार करणाऱ्या म्हातारीची गोष्ट कोणत्या मराठी घरात सांगितली गेली नसेल? गोंदिया जिल्ह्यात ती सांगायला एक सोय आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला २०१३ साली, पण अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनीकडच्या पोरांना वाघ कधीच समजावून सांगावा लागला नाही.

गोष्टीतली सगळी घासाघीस चालते ती म्हातारीच्या अंगावरून. वाघ आडवा येतो तेव्हा ती गयावया करत नाही, सौदा करते. आत्ता माझ्यात आहे काय, नुसती हाडं. लेकीकडे खाऊन-पिऊन अंगावर मांस चढू दे, मग बघ. आपल्या शरीराबद्दल ती स्वतः बोलते, तेही शत्रूशी, आणि त्यात लाज म्हणून नाही. वाघाला त्या जाडीत जेवण दिसतं. लेकीला दिसतं ते एवढंच, की आईला खाल्लेलं अंगी लागलं. आणि परतताना तर कमालच! वाघाला कबूल केलेलं तेच गुबगुबीत अंग ती भोपळ्यात घालून त्याच्या नाकासमोरून टुणटुण नेते. शेवट घरोघरी वेगळा सांगतात. मला तिची ही ऐट पुरते.

आता हिची भाषा सभ्य करायला घ्या. ‘जाड’ काढा, ‘माझी तब्येत सुधारेल’ घाला. सुटेल वाघाच्या तोंडाला पाणी? सौदा तिथेच मोडला आणि म्हातारी पहिल्याच पानावर संपली.

इंग्लंडात २०२३च्या फेब्रुवारीत असाच प्रकार उघड झाला. मुलांसाठी लिहिणाऱ्या रोआल्ड डाल यांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत पफिन प्रकाशनाने ‘जाड’ला कात्री लावली होती. ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ या १९६४च्या कादंबरीतला जाड, हावरट पोरगा ऑगस्टस ग्लूप नुसता ‘प्रचंड’ उरला. ओरड झाली, तेव्हा जुनी संहिताही छापत राहू, असं प्रकाशकांना जाहीर करावं लागलं. पण ऑगस्टसचं बदललं काय? तो अजूनही हावरट, अजूनही चॉकलेटच्या नदीत पडतो, नळीत अडकतो आणि बारीक होऊनच बाहेर येतो. त्याच्या जाडीला शिक्षा करते ती गोष्ट. विशेषणाने त्यात काय फरक पडणार?

वर्गात एखाद्याला ‘ढोल्या’ म्हणून रडवणारी पोरं आपल्याकडेही आहेत, तेव्हा ही काळजी अगदीच फुकाची नाही. मात्र त्यापायी म्हातारीचं तोंड बंद करू नये. देवरी-सालेकशाच्या अंगणवाड्यांत पोरांना वजनकाट्यावर उभं करतात ते वजन वाढावं म्हणून. तिथे भरलेलं अंग ही आनंदाची बातमी. गोष्ट सांगणाऱ्याने म्हातारी लेकीकडून निघताना खुशाल गाल फुगवून दाखवावेत. पोरांचं हसू तेवढं भोपळ्याकडे बघत बसलेल्या वाघासाठी राखून ठेवावं.