चिंतेचे वाङ्मय : तीन पुस्तके

मातापित्यांविषयी आमच्या वाङ्मयात जे लिहिले गेले आहे, त्याचा मोठा भाग कृतज्ञतेचा आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तिच्यात मुलगा आईला आठवतो आणि आठवता आठवता तिच्या ऋणाचा हिशेब मांडतो. हा हिशेब त्यानंतर अनेकांनी मांडला, आणि मराठी वाचकाने प्रत्येक वेळी डोळे पुसले. परंतु या लेखनात एक गोष्ट बहुधा गृहीत धरलेली असते. आईबापांचे दुखणे हा दैवाचा भाग. मुलाने सेवा करावी, नवस बोलावा, शोक करावा. निर्णय त्याच्या हाती नसतो.

आज हे गृहीत राहिलेले नाही. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथील एका इस्पितळात ईथरची भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया जाहीरपणे दाखविण्यात आली. तेथून पुढे पोट, मेंदू, पाठीचा कणा ही शरीराची बंद दालने शस्त्रवैद्यांस हळूहळू खुली झाली, आणि त्याबरोबर घरच्या माणसांच्या चिंतेचे स्वरूपही पालटले. 'आता काय होईल?' ही जुनी चिंता होतीच. तिच्या जोडीला 'आता आम्ही काय करावे?' ही नवी आली. पंचाहत्तरी उलटलेल्या आईच्या संमतिपत्रावर जो मुलगा सही करतो, त्यास पुढे दैवाला बोल लावून मोकळे होता येत नाही. बरे झाले तरी आणि वाईट झाले तरी त्यात आपला हात आहे, हे तो जाणून असतो.

या नव्या चिंतेचे वाङ्मय जगात अद्याप थोडेच आहे. त्यातील तीन पुस्तकांचा आम्ही येथे विचार करणार आहो. तिन्ही सत्यकथने आहेत, आणि तिन्हींत लेखकाच्या आईवर वा वडिलांवर अवघड शस्त्रक्रियेचा प्रसंग आलेला आहे. तिघेही लेखक समर्थ असल्यामुळे करुणरस साधला आहे काय, हा प्रश्न येथे गौण आहे. आमची कसोटी निराळी आहे. मुलांच्या चिंतेने व्यापलेल्या या पानांत आई वा बाप स्वत: माणूस म्हणून शिल्लक राहतो काय?

पहिले पुस्तक सिमोन द बोव्हुआर यांचे, १९६४ साली फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झालेले. त्याच्या नावाचा अर्थ 'एक अतिशय सौम्य मरण' असा होतो. १९६३ च्या ऑक्टोबरात लेखिकेची सत्याहत्तर वर्षांची आई न्हाणीघरात पडली आणि तिच्या मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. हाड सांधेल, असा सर्वांचा समज होता. पण थोड्याच दिवसांत पोटाचे दुखणे उघडकीस आले. आतड्यात अडथळा असल्याचे दिसले. शस्त्रक्रिया झाली आणि आत कर्करोगाचे मोठे अर्बुद आढळले. आईला मात्र सांगण्यात आले की, उदरावरणाचा दाह झाला होता व तो आता दूर झाला आहे. त्यानंतर ती सुमारे महिनाभर जगली, आणि त्या महिन्यातील बराच काळ आपण बरे होत आहोत याच समजुतीत राहिली.

शस्त्रक्रियेच्या आधी एक परिचारिका, हिला शस्त्रक्रिया करू देऊ नका, असे लेखिकेच्या कानात सांगते. हा सल्ला तिने ऐकला, पण तिच्याने तो पाळवला नाही. शस्त्रवैद्य आपल्या तंत्रात रंगून गेलेला, धाकटी बहीण भेदरलेली, आई वेदनांनी तळमळणारी. अशा वेळी 'नको' म्हणण्याचे बळ कोठून येणार? ज्या विदुषीने स्वातंत्र्य आणि निवड यांवर आयुष्यभर लिहिले, तिला स्वत:च्या आईच्या उशाशी निवड करता आली नाही. हा विरोध लेखिका झाकून ठेवीत नाही, आणि त्याचे प्रदर्शनही मांडीत नाही. तिचे गद्य येथे कोरडे व नेमके आहे. आईच्या तोंडाची हालचाल आपल्याच तोंडावर उमटू लागल्याचे तिला एका रात्री रडताना जाणवते. हा प्रसंग ती दोनचार वाक्यांत सांगते आणि पुढे जाते. वर्षानुवर्षांच्या दुराव्यानंतर आई तिच्यात शिरली, हे वाचकाला न सांगता कळते.

आमच्या कसोटीस हे पुस्तक कसे उतरते? इस्पितळात ही आई माणूस राहिलेली नाही. तिच्या आजाराविषयीचे सत्य तिच्या खोलीबाहेर सर्वांस ठाऊक आहे, एकट्या तिलाच ठाऊक नाही. असत्य बोलून मुलींनी तिला निराशेपासून वाचविले, पण त्याच असत्यामुळे ती आपल्या शेवटच्या महिन्यात एकटी पडली, हेही लेखिका ओळखते. त्यानंतर पुस्तकात ती आईचे सारे आयुष्य उभे करते: तिचे दडपलेले लहानपण, संसारातील कुचंबणा, वैधव्यानंतर उतारवयात धडपडत मिळविलेले स्वावलंबन. खोलीत जे मान्य केले गेले नाही, ते पुस्तकात मान्य केले जाते. हे उशिरा बोललेले सत्य आहे, आणि उशीर झाल्याची जाणीव त्याच्या प्रत्येक पानावर आहे.

दुसरे पुस्तक अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांचे 'पॅट्रिमनी', म्हणजे 'वडिलार्जित', १९९१ सालचे. हर्मन रॉथ हे विमा कंपनीतून निवृत्त झालेले, शहाऐंशी वर्षांचे, हट्टी, बोलके, काटकसरी आणि सर्वांस सल्ला देत सुटणारे गृहस्थ. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, म्हणून तपासणी झाली आणि मेंदूत मोठी गाठ निघाली. शस्त्रक्रिया करावयाची तर ती आठ-दहा तासांची. न करावी तर गाठ वाढत जाणार. हे वडिलांना सांगावयास निघालेला मुलगा वाट चुकतो आणि आई जेथे पुरली आहे त्या दफनभूमीपाशी जाऊन पोहोचतो. कादंबरीत हा प्रसंग घातला असता तर आम्ही त्यास ओढूनताणून आणलेला म्हटले असते. लेखकालाही हे ठाऊक आहे, आणि म्हणूनच तो त्यावर भाष्य फारसे करीत नाही.

रॉथ यांचा विशेष असा की, त्यांचे वडील क्षणभरही केवळ रुग्ण होत नाहीत. ते भांडतात, जुन्या शेजाऱ्यांच्या गोष्टी सांगतात, मुलाला कंटाळा आणतात. टाळूतून गाठीचा तुकडा काढून तपासणी करण्यात आली, तिचाच त्रास इतका झाला की मोठ्या शस्त्रक्रियेचा विचार सोडून देण्यात आला. हा निर्णय चर्चेने, चिडचिडीने, टाळाटाळीने होत जातो, जसा तो घरोघरी होत असतो. याच काळात, १९८९ साली, मुलाच्याच हृदयावर तातडीची शस्त्रक्रिया झाली, आणि ती त्याने वडिलांपासून लपविली. पुढे हे कळल्यावर बाप रागावला. आपण तेथे असावयास हवे होते, असे त्याचे म्हणणे. आईबापांची चिंता आपण करतो, तेव्हा आपली चिंता करण्याचा त्यांचा हक्क आपण परस्पर काढून घेतो. इतकी सूक्ष्म गोष्ट आम्हांस या विषयावर अन्यत्र वाचावयास मिळालेली नाही.

परंतु या पुस्तकावर आमचा एक आक्षेप आहे. शौचास ताबा न राहिल्यामुळे वडिलांची एकदा फार लाजिरवाणी फजिती झाली. मुलाने ते सारे स्वत:च्या हाताने स्वच्छ केले, आणि हीच आपली खरी वडिलार्जित मिळकत असे त्यास वाटले. प्रसंग अविस्मरणीय आहे. पण हे कोणास सांगू नको, असे वडिलांनी त्यास विनविले होते, आणि त्याने ते जगाला सांगितले. ज्या पानाने हर्मन रॉथ अमर झाले, त्याच पानाने त्यांची शेवटची विनंती मोडली. वाङ्मयाचा लाभ दाखवून हा दोष पुसता येणार नाही. लेखकालाही ही टोचणी असावी. पुस्तकाच्या अखेरीस स्वप्नात येणारा बाप मुलाला बोल लावतो तो विनाकारण नव्हे.

तिसरे पुस्तक अतुल गावंडे यांचे 'बीइंग मॉर्टल', २०१४ सालचे. याचा मराठी वाचकाशी रक्ताचा संबंध आहे. लेखकाचे वडील आत्माराम गावंडे हे विदर्भातील उटी या खेड्यातून निघून अमेरिकेतील ओहायो संस्थानात मूत्रविकारांचे शस्त्रवैद्य झाले. लेखकाचे आजोबा सीताराम गावंडे एकशेदहा वर्षांच्या घरात पोहोचले ते त्याच खेड्यात, मुलानातवंडांच्या गोतावळ्यात. लेखक स्वत: बोस्टनचे शस्त्रवैद्य. सत्तरी ओलांडलेल्या वडिलांच्या मानेत कळ येऊ लागली, डाव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या, आणि २००६ साली मज्जारज्जूच्या आतच गाठ असल्याचे दिसून आले. मुलगा आणि बाप दोघेही हाती शस्त्र धरणारे, आणि दोघेही घाबरले.

ते दोन तज्ज्ञांकडे गेले. एकाने शस्त्रक्रिया लवकर करावी असे सांगितले, आणि वडिलांच्या प्रश्नांवर प्रश्नांनी तो त्रासला. क्लीव्हलँड येथील डॉ. एडवर्ड बेन्झेल यांनी आपली खुर्ची ओढून रुग्णाच्या समोर घेतली, त्याचे ऐकून घेतले आणि थांबण्यास हरकत नसल्याचे सांगितले. वडिलांनी थांबण्याचे ठरविले, आणि पुढे काही काळ ते आपले काम व लोककार्य करीत राहिले. खुर्ची ओढून घेण्यासारख्या क्षुल्लक कृतीत वैद्याचे सारे शील उमटते, हे लेखकाने अचूक टिपले आहे.

या पुस्तकाचा गाभा मात्र दुसऱ्या एका बापलेकीच्या हकीकतीत आहे. सुसान ब्लॉक या असाध्य रुग्णांच्या शुश्रूषेतील तज्ज्ञ. त्यांच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या वडिलांच्या मानेतील मज्जारज्जूपाशी गाठ निघाली. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री मुलीने मन घट्ट करून विचारले, जगण्यासाठी तुम्ही किती सोसावयास तयार आहात? निवृत्त प्राध्यापक असलेल्या वडिलांनी उत्तर दिले की, चॉकलेटचे आइस्क्रीम खाता आले आणि दूरचित्रवाणीवर फुटबॉलचा सामना पाहता आला, तर आपली जगण्याची तयारी आहे. मुलगी चकित झाली; हे उत्तर तिने कधी कल्पिले नव्हते. शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव झाला, आणि पुन्हा शस्त्र चालवावे की नाही हे ठरविण्यास तिला काही मिनिटांचाच अवधी मिळाला. तिने वैद्यांस एवढेच विचारले: ते आइस्क्रीम खाऊ शकतील काय, सामना पाहू शकतील काय? होकार मिळताच तिने संमती दिली, आणि वडील पुढे दहा वर्षे जगले.

हीच रीत लेखकाने आपल्या वडिलांपाशी योजिली. मरणापेक्षा सर्वांग लुळे पडून दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची वडिलांना अधिक धास्ती होती. पुढे शस्त्रक्रिया चालू असताना हृदयाची गती बिघडली आणि बेन्झेल बाहेर येऊन विचारू लागले, थांबू की पुढे जाऊ? तेव्हा घरच्यांनी निर्णय घेतला असे म्हणणे चुकीचे ठरेल. निर्णय वडिलांनी आधीच दिला होता, घरच्यांनी तो पोहोचविला.

वाङ्मय म्हणून हे पुस्तक तिन्हींत उणे आहे, हे सांगणे आम्हांस भाग आहे. त्याची भाषा स्वच्छ आहे, पण प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी बोध हजर होतो. बोव्हुआर यांची कोरडी घुसमट किंवा रॉथ यांचा बोलका बाप येथे सापडत नाही. शिवाय ज्याच्या घरी बापही वैद्य आणि मुलगाही वैद्य, त्यास तज्ज्ञ निवडण्याची जी मुभा आहे, ती किती घरांस असते? तरीही लेखक आपली रीत रामबाण म्हणून विकीत नाही. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचाराने वडिलांना अपाय झाला. उन्हाळा सरेपर्यंत टेनिस खेळू शकाल, असे आश्वासन एका तज्ज्ञाने दिले आणि ते फोल ठरले. हे त्याने प्रांजळपणे लिहिले आहे. वडील २०११ च्या ऑगस्टात गेले. काशीस त्यांच्या अस्थी गंगेत सोडताना हा तर्कनिष्ठ मुलगा ज्या संयमाने लिहितो, तेथे मात्र त्याचे गद्य बोध विसरते आणि वाङ्मयाच्या पातळीस जाते.

तिन्ही पुस्तके एकत्र वाचली असता एक क्रम दिसतो. पहिल्यात आईला विचारले गेले नाही. दुसऱ्यात वडिलांशी बोलणे झाले, पण वाट चुकत. तिसऱ्यात प्रश्न नेमका विचारला गेला. कलेचा क्रम याच्या बरोबर उलटा आहे, यात नवल नाही. जे करावयाचे राहून गेले, त्यातून मोठे वाङ्मय निघते. जे वेळीच करता आले, त्यातून उपयुक्त ग्रंथ निघतो. रसिकाने बोव्हुआर यांचे पुस्तक प्रथम वाचावे. ज्याच्या घरी शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल त्याने गावंडे यांचे आधी वाचावे, आणि त्यात काही कमीपणा मानू नये.

आमच्या घरांतून अजूनही रोगाचे नाव खालच्या आवाजात उच्चारले जाते. इस्पितळाच्या व्हरांड्यात थोरला मुलगा, जावई आणि ओळखीचा एखादा डॉक्टर मिळून ठरवितात, आणि आत खाटेवर पडलेल्या माणसास 'काही नाही, साधी गाठ आहे' असे सांगतात. यामागे प्रेम असते, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या बापाने आयुष्यभर घराचे सारे निर्णय घेतले, त्यास शेवटच्या व सर्वांत मोठ्या निर्णयातून प्रेमापोटी वगळण्यात त्याचा मान राहत नाही. हा व्हरांडा आणि ती खाट यांमधील दाराविषयी आमच्या लेखकांनी लिहावे, अशी आमची इच्छा आहे. सामग्री घरोघर आहे. आमच्याकडील एखाद्या निवृत्त हेडमास्तरांस, किती सोसून आणि कशासाठी जगावेसे वाटते, असे विचारले तर ते काय उत्तर देतील, याची अटकळ आम्ही येथे बसून बांधणे व्यर्थ आहे. ते त्यांनाच विचारले पाहिजे, आणि भूल देण्यापूर्वी विचारले पाहिजे.