टेलरसाहेबांचा एकाकी प्रवास

प्रवासवर्णन वाचतांना वाट किती बिकट होती, नदीला उतार होता कीं नाहीं, एवढेंच आपण बहुधा पाहतों. त्या वाटेवर माणसें कोण भेटलीं, हें विचारावयाचें राहून जातें. कॅप्टन मेडोज टेलर यांचें ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ हें आत्मचरित्र वाचतांना मात्र, निदान धाराशिव जिल्ह्यांतील वाचकाला तरी, हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

हें पुस्तक त्यांच्या निधनानंतर १८७७ सालीं प्रसिद्ध झालें. १८५३ च्या तहानें निजामाकडून कंपनीच्या ताब्यांत आलेला नळदुर्गचा मुलूख टेलरसाहेबांकडे सोंपविण्यांत आला होता. बोरी नदीच्या कांठचा तो किल्ला, पाणीमहालावरून कोसळणारे लोट आणि पावसाळ्यांत गाडीचें चाक रुतवून ठेवणारी काळी जमीन हीं आपल्या परिचयाचीं आहेत. पत्नी आधींच निवर्तलेली, मुली विलायतेंत, अशा स्थितींत ते येथें राहिले. आणि १८५७ च्या धामधुमींत, फौजेची मदत नसतांना, उत्तर वऱ्हाडाचा कारभार हातीं घेण्यास येथूनच निघाले. नळदुर्गाहून बुलढाण्यापर्यंतचा तो प्रवास म्हणजे धैर्याची कसोटीच होती. ती हकीकत ते बढाई न मारतां सांगतात, हा त्यांचा मोठा गुण होय.

हा गुण मान्य करूनही एक उणीव दाखविणें प्राप्त आहे. अशा पुस्तकांतील ‘एकटा’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदां ‘गोरा सोबती नसलेला’ एवढाच असतो. तंबू ठोकणारे खलाशी, पुढें चालणारे वाटाडे, घोड्याला चंदी घालणारा मोतद्दार, गांवोगांवचे पाटील-कुळकर्णी यांच्यावांचून साहेबांचा एक मुक्कामही पार पडता ना. त्यांचे श्रम पानांआड जाणवतात. चेहरे क्वचितच दिसतात.

आतां त्याच लेखकाची १८६३ सालची ‘तारा’ ही कादंबरी घ्यावी. तुळजापूरच्या व्यासशास्त्र्यांचें घर, त्यांची विधवा कन्या, देवीचें देऊळ आणि अफझलखानाची स्वारी हा तिचा विषय. कथानक लांबट आहे, योगायोगही फार आहेत. परंतु त्यांतलीं माणसें बोलतात, रुसतात, भितात. एकांतवासांत ज्यानें भोंवतालच्यांचें बोलणें कान देऊन ऐकलें, त्यालाच हें साधतें. म्हणून टेलरसाहेबांचें खरें प्रवासवर्णन आत्मचरित्रांत नसून ‘तारा’मध्यें आहे, असें आम्हांस वाटतें. दुःख इतकेंच, कीं चेहरे मिळाले ते दोनशें वर्षांपूर्वींच्या माणसांना. सोबत चालणाऱ्यांना नव्हेत.

मात्र सर्व दोष साहेबांच्या माथीं मारून आपल्याला मोकळें होतां येणार नाहीं. कोजागरीच्या सुमारास सोलापुराहून हजारों लोक आजही पायीं तुळजापुरास जातात. त्यांपैकीं कितीजणांनीं आपली वाट लिहून ठेविली? परक्यानें लिहिलेल्या पुस्तकांत आपले चेहरे नाहींत, ही तक्रार रास्त आहे. पण ती करणाऱ्यानें आधीं आपली लेखणी उचलावी, हेंच बरें.