सांगवीकर परत जाऊ शकतो

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली आली. खेड्यातला मुलगा शहरातल्या कॉलेजात, हा विषय निघाला की आजही पहिले नाव तिचेच घेतले जाते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दहावीनंतर मुले पुण्या-मुंबईला निघतात तेव्हा ही कादंबरी आम्ही पुन्हा चाळतो, आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडतो.

पांडुरंग सांगवीकर खान्देशातून पुण्याला येतो. होस्टेल, मित्र, मेसचा अंगाशी आलेला कारभार, परीक्षांबद्दलची बेफिकिरी हे सारे नेमाडे विलक्षण खरेपणाने लिहितात. त्याचे ‘वगैरे’ तर प्रसिद्धच आहे. टीकाकार त्याला शैली म्हणतात. आम्हांला ते खेड्यातल्या पोराचे शहाणपण वाटते. शहरातली माणसे प्रत्येक वाक्य ठासून पुरे करतात. याला तेवढी खात्री कशाचीच नाही, म्हणून तो वाक्य ‘वगैरे’वर सोडून देतो आणि वर त्यांचीच टर उडवतो. पण अशी टर उडवायलाही भाषा हातात असावी लागते. सांगवीकरच्या घरची बोली पुण्याला गावंढळ वाटली तरी ती मराठीच आहे. आमचा विद्यार्थी घरी दखनी बोलतो, शाळेत उर्दूतून शिकतो, होस्टेलचा अर्ज मराठीत भरतो आणि प्रॅक्टिकलची वही इंग्रजीत लिहितो. तो गप्प बसतो, आणि लोक त्याला ‘लाजाळू’ म्हणतात.

दुसरी गोष्ट पैशाची. सांगवीकर नापास होऊ शकतो, कारण मागे बापाची शेती आहे. डिग्रीशिवाय तो गावी परततो, तेव्हा रिकामे बसायला त्याला ओटा तरी आहे. वडिलांवरचा त्याचा राग खरा आहे, पण तो खर्चही वडिलांच्याच पैशांवर करतो. हे समीक्षेत फारसे बोलले जात नाही. ज्याचे अब्बा हातगाडी लावतात त्याला असे परतणे परवडत नाही. त्याच्या वाट्याला अस्तित्वाचा प्रश्न येतो तो खोलीच्या भाड्याच्या रूपाने. आणि खोली मिळण्याआधी नाव विचारले जाते, ते वेगळेच.

हमीद दलवाईंच्या ‘इंधन’चा (१९६५) नायक मुंबईहून कोकणातल्या गावी येतो. म्हणजे आपल्याकडे परतीची वाट लिहिली गेली. जाण्याची, होस्टेलमधल्या पहिल्या वर्षाची वाट मात्र आमच्या वाचनात तरी आली नाही.

‘कोसला’तली आम्हांला सर्वांत जवळची व्यक्ती मनी. पांडुरंगची ही धाकटी बहीण देवीच्या रोगाने जाते. ती पाने वर्गात वाचताना आवाज सांभाळावा लागतो. आज आमच्या वर्गात पहिल्या बाकांवर बहुतेक मुलीच असतात, आणि शहरात पाठवायची वेळ आली की घरात पहिली चर्चा त्यांचीच होते. सांगवीकरने पुणे लिहिले. ते मनीने लिहिले असते तर त्यात ‘वगैरे’ किती आले असते, हे आम्ही यंदा अकरावीला निघालेल्या मुलींना विचारले. एकीने उलट विचारले, ‘सर, मनीला होस्टेल मिळालं असतं?’