बावन्न की पन्नास दोन?

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाने २०१९ मध्ये रूढ शब्दांसोबत 'पन्नास दोन' असे संख्यावाचन सुचवले. त्याची बरीच थट्टा झाली. ती अनाठायी होती. 'बावन्न'मध्ये दोन आधी ऐकू येतो, म्हणून मूल २५ लिहिते. 'एकोणतीस'मध्ये तर दोनही नाही, नऊही नाही!

हदगावहून धर्माबादकडे गेले की तेलुगू कानी पडते. तिच्यात बत्तीस म्हणजे 'मुप्पै रेंडु', सरळ तीस दोन. त्यावरून तेलुगू मुलाची विचारशक्तीच वेगळी ठरवणे मात्र फार ताणणे होईल. शिवाय घरी-बाजारात बावन्नच चालणार. पुस्तकाची खरी अडचण ती.

२५ लिहिणाऱ्या मुलाला काड्या द्याव्यात. त्याने पाच गठ्ठे व दोन सुट्या मांडल्या, तर 'गणितात कच्चा' हा शेरा खोडावा.